पाठीवरची पन्हळ हे जातिवंत घोड्याचं लक्षण नव्हे

सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: खरा जातिवंत घोडा तोच, ज्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं तर ते खांद्यापासून शेपटीपर्यंत पन्हळीतून वाहत जातं. बरगडी डोळ्याला दिसू नये आणि हातालाही लागू नये. मान जितकी जाड तितका घोडा ताकदीचा. पोट सुटलं म्हणजे घोडा खाऊनपिऊन सुखी. वाळलेला घोडा आणला तर पहिल्याच दिवसापासून हरभरा, गूळ, तुपाचा तोबरा चढवावा. आणि फारच लठ्ठ झाला तर दोन दिवस उपाशी बांधून ठेवावा.

लिहिणाऱ्याची घोड्यांवर माया आहे, याबद्दल मला शंका नाही. टांग्याला, वरातीला, ओझ्याला लावलेले हाडं निघालेले घोडे आपण इतके पाहतो की अंगानं भरलेला घोडा दिसला की जीव सुखावतो. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला घोड्याला आजारी पाडतो, आणि शेवटचे दोन तर त्याचा जीव घेऊ शकतात.

आधी पन्हळ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना चरबी साठत जाते, ती कण्यापेक्षा उंच झाली की मधे खाच पडते. म्हणजे ती पन्हळ स्नायूंची नसते, चरबीची असते. टेक्सासमध्ये संशोधक डॉन हेनेके यांनी १९८३ साली घोड्याची अंगलट मोजायची १ ते ९ अशी श्रेणी मांडली. आज जगभर तीच सर्वांत जास्त वापरात आहे. १ म्हणजे नुसता सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. मधल्या ५ व्या पायरीवर पाठ सपाट असते, कणा वर येत नाही आणि खाचही पडत नाही. किंचित खाच ६ पासून दिसू लागते, आणि ठळक पन्हळ ही ८–९ ची खूण आहे. मजकूर ज्याला जातिवंतपणा म्हणतो तो श्रेणीच्या दुसऱ्या टोकाचा धोका आहे. जात कान, चेहरा, हाडाची ठेवण आणि चाल यांत दिसते. मारवाडी असो, काठेवाडी असो की आपली भीमथडी, चरबी कुठल्याही घोड्यावर चढवता येते.

बरगडीबद्दल मजकूर निम्मा बरोबर आहे. साधारण कामाच्या घोड्याची बरगडी दिसू नये, हे खरं. पण ती हाताला लागलीच पाहिजे, आणि सगळी मेख इथेच आहे. थंडीत केस वाढलेले असतात, वर झूल असते, खरारा करून अंग चकाकत असतं, डोळा फसतो. म्हणून हात फिरवायचा. आपली मूठ आवळून बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या तशा टोचत असतील तर घोडा वाळलाय. मग मूठ सोडून पंजाच्या पाठीवरून बोटं फिरवा. पातळ कातडीखाली हाडं सहज कळतात, तशी बरगडी लागायला हवी. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल भाग असतो तसं लागून हाड शोधावं लागत असेल, तर चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, कमी करायची वेळ झाली.

आणि एकट्या बरगडीवर निकाल द्यायचा नाही. हेनेके सहा जागा तपासायला सांगतात: मान, मानेच्या बुडाशी असलेला खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ. काही घोड्यांचा खांद्यावरचा उंचवटा मुळातच टोकदार असतो, म्हातारी घोडी पाठीत खचते, गाभण घोडीच्या पोटाचं वजन कातडी खाली ओढतं आणि बरगड्या उगाच उठून दिसतात. सहाही जागा मिळूनच खरं चित्र कळतं. शर्यतीच्या किंवा लांब पल्ल्याच्या घोड्याची शेवटची बरगडी पुसट दिसली तरी बिघडत नाही. उलट पैदाशीच्या घोडीला थोडं अंग हवं. हेनेके यांचं मूळ काम अशाच घोड्यांवर होतं, आणि ५ च्या खालच्या घोड्या गाभण राहायला अवघड जातात असंच त्यातून दिसलं. पण थोडं अंग म्हणजे पन्हळ नव्हे.

जाड मान. नराची मान आयाळीखाली जरा भरलेली असतेच, ते सोडून द्या. पण घोडीची किंवा खच्ची केलेल्या घोड्याची आयाळीची कड जाड, टणक झाली असेल, तर रक्तातल्या इन्सुलिनचं गणित बिघडल्याची ती खूण असू शकते. त्यातून पुढे येतो लॅमिनायटिस. खुराच्या आत हाडाला खुराच्या भिंतीशी धरून ठेवणारे नाजूक पदर सुजतात आणि सुटू लागतात. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, वळताना कचरतो, खूर गरम लागतात. गूळ आणि धान्याचा मारा या आजाराला थेट बोलावणं आहे. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान. एका वेळी जास्त धान्य घातलं की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. मग पोटशूळ तरी उठतो, नाहीतर खूर जातात. साडेतीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी दीड किलोच्या वर चंदी घालूच नये. दिवसाकाठी वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सात किलोच्या आसपास सुका चारा, हे त्याचं खरं जेवण.

सुटलेलं पोट आणि वर बरगड्या दिसतायत, असा घोडा सुखी नसतो. निकस कडबा, जंत आणि झिजलेले स्नायू यांनी पोट लोंबतं. त्याची लीद तपासून घ्या आणि दात बघा. घास चावून त्याचे गोळे खाली टाकत असेल तर दाताला धार आली आहे, आणि कितीही खुराक घातला तरी तो अंगी लागणार नाही.

आता वाळलेल्या घोड्याचा तोबरा. हे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं, कारण इथे दयाळू माणसाच्या हातूनच घोडा मरतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात क्षारांचा साठा संपत आलेला असतो. अशात एकदम गूळ-धान्य मिळालं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास दगा देतो. मालक म्हणतो, खायला लागला होता की हो! अशा घोड्याला पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो वाळवलेला, पानांचा लसूणघास, रात्रीसुद्धा. पुढे हळूहळू प्रमाण वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या. घोडा बराच सावरेपर्यंत धान्याला हात लावायचा नाही. अंग भरायला काही महिने जातात, तेवढे जाऊ द्यायचे. हे सगळं पशुवैद्याच्या नजरेखाली.

लठ्ठ घोड्याला उपाशी बांधणंही तितकंच घातक. अंगातली चरबी वितळून एकदम रक्तात येते, यकृताला ती पेलत नाही. टट्टू आणि गाढवं यात पटकन दगावतात. चंदी आणि गूळ बंद करायचा, चारा मात्र वजनाच्या दीड टक्क्याखाली न्यायचा नाही, आणि पाय धड असतील तर रोज चालवायचं.

आमच्या घोडीच्या बाबतीत हे सगळं आम्हाला उशिरा कळलं. तिच्या पाठीवर पन्हळ होती, येणारा जाणारा वाखाणायचा. एका सकाळी ती जागची हलेना. नालबंदानं खुरांवरची वेडीवाकडी वलयं दाखवली; हे दुखणं कित्येक महिन्यांचं होतं आणि आम्ही तिला गूळ चारत होतो. तेव्हापासून दर महिन्याला मी टेप घेऊन मोजतो: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. येतं ते किलोतलं अंदाजे वजन. तिचा घेर १७८ होता आणि लांबी १५०, म्हणजे ४०० किलो. घेर १६८ वर यायला आठ महिने लागले. वजन आता ३५६ च्या आसपास आहे. पुढच्या पायाचा अख्खा खूर नव्यानं उतरायला मात्र वर्ष गेलं.

परवा तिला धुतलं. पाठीवर ओतलेलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून गेलं.