ऑडिओग्राम नॉर्मल आहे, मग अडतं कुठे?

सर, श्रवण-प्रक्रिया विकाराबद्दल (ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर: कान ठीक, पण ऐकलेलं उलगडताना मेंदू अडतो) तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नॉर्मल असलेलं, टीव्हीवरच्या कार्टूनचे संवाद धडाधड म्हणणारं मूल वर्गात 'ऐकू येत नाही' म्हणतं, तेव्हा त्याचं लक्ष नसतं, एवढंच. आणि दोन, आम्ही मानसशास्त्रज्ञ परीक्षेतल्या सवलतींसाठी पालकांना नवी लेबलं पुरवतो.

ऑडिओग्राम काढतात ध्वनिरोधक खोलीत, एका वेळी एकच स्वर ऐकवून. तो किती हळू असेपर्यंत ऐकू येतो, एवढंच त्यातून कळतं. वर्गात पंखा, हॉर्न आणि बाकांची खरखर यांतून शिक्षकांचं बोलणं निवडून काढावं लागतं, आणि ते काम कानापासून मेंदूपर्यंतच्या श्रवणमार्गाचं. कार्टूनला चित्राची साथ असते, घरी शांतता असते आणि तोच भाग दहादा लागतो.

या क्षमतेच्या चाचण्या वेगळ्या: गोंगाटातली वाक्यं ओळखणं, दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे आकडे ऐकणं, दोन आवाजांमधली काही मिलिसेकंदांची फट पकडणं. सातव्या वर्षाआधी निकाल फार वरखाली होतात, म्हणून घाई नको. कानात पाणी साचलेलं नाही ना, हे आधी बघायचं. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी शब्दांची चाचणी दिली, तर त्याचं इंग्रजीच मोजलं जातं. हा घोळ नेहमीचा. निदान करणं ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे श्रवणतज्ज्ञाचं काम. लक्ष, भाषा, बुद्ध्यांक तपासून दुसरं कारण शोधणं आमच्याकडे.

तुमची शंका निराधार नाही, हेही सांगतो. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी सूचीत हा विकार स्वतंत्रपणे नाही आणि एडीएचडीशी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) त्याची लक्षणं बरीच जुळतात. पण लेबलाने सवलत मिळते, हे खरं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत 'आकलनविषयक अक्षमता' आहे. प्रमाणपत्र मात्र वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्यांवर ठरतं. शिवाय लेखी पेपरात जादा वेळ मिळून या मुलाचं काय भलं होणार? त्याचं अडतं श्रुतलेखनात आणि तोंडी सूचनांत. म्हणून माझा आग्रह लेबलापेक्षा वर्गातल्या बदलांचा आहे. ते करायला अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

शिक्षकांपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, आणि बोलणं गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवं. म्हणून पुढचा बाक. पण तो पंख्याखाली किंवा रस्त्याकडच्या खिडकीशी असेल तर उपयोग शून्य. बाकांच्या पायांना रबरी टोप्या घाला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओरडूनही नको: 'आ'सारखे स्वर मोठे होतात, 'पाट' आणि 'पाठ' मधला व्यंजनाचा फरक तिथेच राहतो. 'वह्या काढा, पान ४२, तिसरा प्रश्न, फक्त अ आणि ब, उद्या तपासणार' ही एका दमातली पाच कामं. दोन सांगा, थांबा, पान क्रमांक फळ्यावर लिहा. 'समजलं का?' ला सगळी मुलं 'हो' म्हणतात. 'आता काय करायचंय, सांग' असं विचारा.

एवढं करूनही भागत नसेल, तर रिमोट मायक्रोफोन. शिक्षकांच्या कॉलरला, तोंडापासून साधारण १५ सेंटिमीटरवर माइक, मुलाच्या कानात रिसीव्हर. तो बहुतेकदा फसतो तो दोन कारणांनी: स्टाफरूममध्ये जाताना माइक बंद करायचा राहतो, आणि दुसरं मूल उत्तर देतं तेव्हा माइक त्याच्याकडे जात नाही.