दुसरा फ्लॅट घेतलात? अभिनंदन!

कल्याणच्या पुढे, अंबरनाथ-बदलापूरकडे कुठेतरी गुंतवणूक म्हणून वन बीएचके घेऊन ठेवलाय ना? छान केलंत. आता त्यात भाडेकरू नावाचा प्राणी येणार. त्याला कसं हाताळायचं याचं शिक्षण मी नुकतंच एका मुरलेल्या घरमालकाकडे घेतलंय. फी जरा जास्त पडली. तुम्हाला फुकट देतो.

जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' लिहा. कशाने, ते लिहू नका.

पाण्याचं विचारलं तर 'काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणा. तुम्ही तिथे राहत नाही, त्यामुळे ते खरंच आहे.

बॅचलरला घर देऊ नका. द्यावंच लागलं तर त्याच्या आईचा नंबर घेऊन ठेवा.

करार रजिस्टर करू नका. 'अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी पुरे' असं ठासून सांगा, समोरचा मान डोलावतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, अकरा महिन्यांचं असलं तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत! पण तो हे वाचायला बसत नाही. त्याला टेम्पो रिकामा करायचा असतो.

नॉन-ऑक्युपन्सी चार्जही त्याच्याच गळ्यात मारा. तुम्ही स्वतः तिथे राहत नाही म्हणून सोसायटी तो तुमच्याकडून घेते, तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतो, हे २००१ पासून ठरलेलं आहे. असू दे. 'मेंटेनन्स एक्स्ट्रा' म्हटलं की सगळं त्यात बसतं.

आता खरी कला. डिपॉझिट.

घेताना रोख नको म्हणा, व्यवहार कसा स्वच्छ हवा. मग पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला ओल येईल. पोपडे सुटतील, सकाळी उशी झटकली की पांढरा भुगा पडेल, कपाटाला बुरशीचा वास येईल. भाडेकरू फोटो पाठवेल. 'पाऊस थांबला की बघू' असं कळवा. पाऊस थांबल्यावर 'आता सुकलीय की' असं कळवा. पुढच्या जुलैत हेच पुन्हा. घर सोडायच्या दिवशी मात्र स्वतः या. चपला न काढता आत शिरा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि बरोबर त्याच भिंतीपाशी जाऊन नखाने पोपडा उचकटा. दुखावलेला चेहरा करून म्हणा, 'काय हो, भिंत अशी ठेवायची असते का?' कॅलेंडरचा एक खिळा सापडेल, तोही मोजा. मग सगळ्या घराच्या रंगाचे १२,००० कापा. त्या फोटोंची आठवण करून दिली तर 'तुम्ही खिडकी बंद ठेवत असाल' म्हणा. रंगाऱ्याचं बिल मागितलं तर 'आपल्यात काय बिलं मागता' म्हणा. आपल्यात! दर पाच तारखेला भाड्याचा मेसेज टाकताना हे 'आपल्यात' कुठे असतं कोण जाणे.

आणि नवा भाडेकरू आला की ती एकच भिंत रंगवा. एकच हात मारा, वॉटरप्रूफिंग नको. पुढच्या जुलैत पुन्हा ओल आली पाहिजे ना, नाहीतर त्याचे १२,००० कसे कापणार?

हेच चाललंय, शेजारच्या विंगमध्येही हेच झालं. सगळे गप्प बसतात, कारण तोवर दुसऱ्या घराचं डिपॉझिट आणि ब्रोकरेज भरलेलं असतं, पोराची शाळा सुरू असते आणि भांडायला रजा उरलेली नसते. हे तुम्हाला पक्कं माहीत असतं, म्हणूनच शेवटच्या दिवशी हिशोब काढता. लाज वाटली पाहिजे. डिपॉझिट तुमची कमाई नाही, दुसऱ्याचे ठेवायला दिलेले पैसे आहेत ते. भिंत तुमची, ओल तुमची, प्लास्टर न करणारी सोसायटी तुमची, मीटिंगला कधी न जाणारे मेंबरही तुम्हीच. वर आम्हाला सांगता, घर स्वतःचं समजून वापरा! स्वतःचं समजूनच दोनदा फोटो पाठवले होते ना? रंगाचं बिल दाखवा. नसेल तर पैसे परत करा, पूर्ण, आणि याच महिन्यात.