थ्रेड सोडा आणि पुण्याला जा

सी-मध्ये थ्रेडवाला सर्व्हर, म्हणजे एकाच प्रोग्रामात अनेक गडी (थ्रेड) एकाच वेळी राबवणारा, लिहायचाय? छान. आधी पुण्याचं ऑफर लेटर हातात पडू द्या, मग पहिली ओळ टाइप करा. हा क्रम चुकवू नका. तुमचा सर्व्हर ज्याच्या गळ्यात पडतो तो नागपुरातच राहणार असतो, आणि मे महिन्यात रात्री दोनचा फोनही त्यालाच येणार असतो.

मला आला. गेल्या गुरुवारी. कूलरमधलं पाणी संपलेलं, उशी भिजलेली, आणि फोनवर कळमन्याकडच्या एका गोदामातला काटेवाला : "साहेब, तुरीची गाडी काट्यावर उभी आहे, पावती निघूनच नाही राहिली. अन् हरभऱ्याची गाडी हिशेबात दोनदा चढून राहिली ना जी."

काम तसं पोरखेळ. गाडीचं वजन झालं की काट्यावरचा प्रोग्राम युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांची आपसात बोलायची नळी) सर्व्हरला वजन सांगतो आणि सर्व्हर पावती नंबर देतो. दोन प्रोसेसमधलं, म्हणजे दोन चालू प्रोग्रामांमधलं, दोन वाक्यांचं बोलणं. ते बिघडवायला खरंच कसब लागतं, म्हणून पुण्याला निघून गेलेल्या माझ्या आधीच्या माणसाकडून शिकलेल्या या युक्त्या तुमच्यासाठी.

थ्रेड तयार करा आणि विसरून जा. जॉइन (तो संपायची वाट बघणं) नको, डिटॅच (संपला की आपोआप आवरायला सांगणं) नको. काम संपलेला थ्रेडसुद्धा स्टॅकची, म्हणजे त्याच्या वाट्याच्या मेमरीची, जागा अडवून बसतो, लिनक्सवर साधारण ८ एमबी. लग्न आटोपूनही मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्यासारखा.

जोडणी संपली तरी क्लोजही करू नका. एका प्रोसेसला उघड्या फाइलींची (जोडण्याही त्यातच मोजतात) मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. तीन आधीच उघड्या, एक ऐकणारं सॉकेट, म्हणजे १०२० गाड्या निर्धास्त. १०२१ वी आली की ॲक्सेप्ट (नवी जोडणी घेणारं फंक्शन) उणे एक, म्हणजे चूक, देईल. तो कोण तपासतो?

व्हेरिएबलपुढे व्होलाटाइल लिहा. तो शब्द फक्त किंमत दर वेळी मेमरीतूनच घ्यायला लावतो, पण सांगतो कोण! त्याने सगळं थ्रेड-सेफ (अनेक थ्रेडांना सुरक्षित) होतं असं कॉलेजात कुणीतरी सांगितलेलं असतंच.

कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघायची जागा) थांबताना व्हाइल नको, इफ पुरे. उगाच जाग आली तरी अट पुन्हा तपासायची कशाला!

म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावायचाच असेल तर लॉक धरूनच क्लायंटला राइट करा. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीचा एकच डाव, आणि तो हातात धरून एक जण फोनवर बोलत उभा. मागे रांग व्हरायटी चौकापर्यंत गेली तरी चालेल.

सिगपाइप सिग्नलकडे बघूही नका. काटेवाल्याने मध्येच खिडकी बंद केली आणि सर्व्हर त्याच तुटलेल्या सॉकेटवर लिहायला गेला, की मरतो तो एक थ्रेड नाही, अख्खी प्रोसेस मरते. बाकीचे काटेही गार. वाचायचं असतं तर सेंडला एमएसजी_नोसिग्नल (सिग्नल नको, नुसती चूक कळव) दिलं की झालं होतं, पण तेवढं कोण टाइप करणार!

यावर रामबाण म्हणजे क्रॉन, ठरल्या वेळी कामं चालवणारा. रोज रात्री किल -९ ने प्रोसेस जबरीने मारा आणि पुन्हा चालू. फक्त सॉकेटची फाइल डिस्कवर तशीच पडून राहते आणि बाइंड (सॉकेटला पत्ता देणारं फंक्शन) म्हणतो पत्ता आधीच वापरात आहे. ती फाइल पुसणारं एक अनलिंक पुरलं असतं. बाइंडचं ऐकायला कोणी बसलेलं नसतं हे निराळं.

आता मुख्य युक्ती, तुरीच्या गाडीची. ॲक्सेप्टने दिलेला जोडणीचा क्रमांक एकाच व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि थ्रेड सुरू करणाऱ्या पीथ्रेड_क्रिएटला त्याचा मेमरीतला पत्ता द्या. क्रमांक नाही, पत्ता! नवा थ्रेड डोळे चोळत उठून तो पत्ता वाचेपर्यंत लूप पुढे गेलेला असतो, दुसरी गाडी आलेली असते आणि त्याच जागी तिचा क्रमांक बसलेला असतो. मग दोन्ही थ्रेड हरभऱ्याचीच सेवा करतात. तुरीचा वाली कोणी नाही. बरं, दुसऱ्या थ्रेडला वाचायला काहीच उरलं नव्हतं, हरभऱ्याच्या काट्याने जोडणी बंद केली होती, म्हणून रीडने शून्य दिला. तो तपासला असता तरी निभावलं असतं. पण नाही. आणि वजनाचा बफर (वाचलेलं ठेवायची जागा) ग्लोबल, सगळ्या थ्रेडांना एकच. हो, ग्लोबल! त्यात आधीच्या थ्रेडने वाचलेलं हरभऱ्याचं वजन तसंच पडलेलं, तेच या पठ्ठ्याने उचलून दुसऱ्यांदा चढवलं.

हे आमच्या हिरोला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं! म्हणून तर पीथ्रेड_क्रिएटच्या खाली त्याने स्लीप(१) घातला होता. वर कॉमेंट : "हात लावू नये." थ्रेडला उठायला एक सेकंद. म्हणजे सर्व्हर सेकंदाला फार तर एक गाडी दारात घेणार, बाकीच्या लिसनच्या, म्हणजे दाराबाहेरच्या, रांगेत, आणि ती रांग पाचाची. मालक ओरडला, काटा स्लो चालतो म्हणून. तर या माणसाने शेवटच्या दिवशी, निरोपाचा समोसा हातात असताना, स्लीप(१) चं यूस्लीप(५००) केलं. ५०० मायक्रोसेकंद, म्हणजे अर्धा मिलीसेकंद! आणि मेलमध्ये लिहिलं, परफॉर्मन्स सुधारला आहे. सुधारला ना बाप्पा. आता घोटाळाही अर्ध्या मिलीसेकंदात होतो.

पहाटे साडेचारपर्यंत बसलो होतो मी. तुरीचा ड्रायव्हर काट्यावरच झोपला. मालकाने मलाच विचारलं, "तुम्ही नेमकं काय करून राहिले?"

अरे पुणेकरा, काय करून राहिलो? तुझा कचरा उपसून राहिलो! प्रत्येक जोडणीसाठी एक मॅलॉक करून मेमरीचा वेगळा तुकडा घेतला असता, त्यात क्रमांक ठेवला असता, थ्रेडने तो उचलून फ्री केला असता. चार ओळी. चार! रीड, बाइंड, ॲक्सेप्ट काय परत देतात ते बघायला आणखी चार. युनिक्सवाल्यांचं पॉसिक्स थ्रेडचं मानक १९९५ चं आहे, तीस वर्षं होऊन गेली. मॅन पेज, म्हणजे या फंक्शनांची माहितीपुस्तिका, तुझ्याच मशीनवर आहे, इंटरनेटसुद्धा लागत नाही. कंपायलरला -जी आणि -एफसॅनिटाइझ=थ्रेड (थ्रेडांची मारामारी पकडणारी तपासणी) देऊन एकदा चालवलं असतंस तर बफरवरची ही मारामारी त्याने ओळ क्रमांकासकट तुझ्या तोंडावर फेकली असती. टाइमिंग जमत नाही म्हणून स्लीप घालणारा माणूस प्रोग्रामर नसतो बे, तो ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवणारा असतो. आणि कळत नव्हतं तर विचारायचं होतं. दोन खुर्च्या सोडून बसत होतो मी. दोन वर्षं!

क्रमांकासाठी मॅलॉक घातलंय. यूस्लीप काढलाय. क्लोज आणि डिटॅच घातलेत, बफर थ्रेडच्या आत नेलाय. तुझी ती "हात लावू नये" कॉमेंट मात्र मुद्दाम ठेवली आहे, खाली तुझं नाव लिहून.