दोन खुर्च्या रिकाम्या ठेवा

टेक्सासात कौंटी कमिशनर व्हायचं मनावर घेतलंत? अभिनंदन! आपल्या जिल्हा परिषद सदस्याचा लांबचा मावसभाऊ समजा.

आधी नावांनी गडबडून जाऊ नका. तुम्ही बसणार ते 'कमिशनर्स कोर्ट', पण तिथे फाशी-जन्मठेप काही नाही. मधोमध बसतात ते जज्ज. त्यांना वकिलीची सनद लागत नाही. राज्यघटनेनुसार कायद्याची नीट माहिती असली की झालं. सोबत चार कमिशनर. सगळ्या २५४ कौंट्यांत हेच पाच जण. ह्यूस्टनच्या हॅरिस कौंटीत २०२० च्या जनगणनेत ४७ लाख लोक, तरी पाच. लव्हिंग कौंटीत त्याच जनगणनेत ६४ डोकी भरली, तरी पाचच! उभं राहायचं तर लव्हिंगमध्ये राहा. अख्खा प्रचार हळदीकुंकवाच्या एका फेरीत उरकतो.

कामं म्हणाल तर रस्ते, पूल, तुरुंग, अंदाजपत्रक. शेरीफ, म्हणजे कौंटीचा पोलीसप्रमुख, वेगळा निवडून येतो, तो तुमचं ऐकत नाही. पैसे मात्र तुम्हीच मंजूर करायचे. तुरुंगाबद्दल ओरड झाली की शेरीफकडे बोट दाखवा, शेरीफ ओरडला की तिजोरीकडे.

घरपट्टीवरून कोणी भांडायला आलं तर प्रेमाने बसवा. घराची किंमत अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाचं वेगळंच कार्यालय ठरवतं, बिलातला मोठा घास बहुधा शाळांचा असतो. एवढं समजावून होईपर्यंत त्याच्या पार्किंगची वेळ संपते.

खरी विद्या पुढेच आहे. एरवी तिघं जमले की सभा भरते, पण कर लावायचा तर चौघं हजर लागतात. म्हणजे त्या कराला विरोध करणारे पाचात तुम्ही दोघंच असलात, तर अभ्यास नको, भाषण नको, रात्रीची जागरणं नकोत. टेबलावर नावाची पाटी राहू द्या आणि घरी चहा टाका. २०२२ मध्ये हॅरिस कौंटीत दोन रिपब्लिकन कमिशनरांनी हेच केलं. सभेमागून सभा गेली, उरलेले तिघं खुर्च्यांकडे बघत बसले, शेवटी कायद्याने खालचा दर आपोआप लागू झाला. दोघांनी दांडी मारून तिघांना हरवलं! शाळेत आपल्याला याच गुणासाठी अंगठे धरून उभं केलं होतं.

पथ्य एकच, जोडीदाराला जपा. त्या दोघांतले एक त्याच नोव्हेंबरात थोडक्या मतांनी पडले. जानेवारीपासून दुसरे एकटे, आणि समोर बरोबर चौघं. आता यांनी घरी कितीही चहा प्यायला तरी सभा भरायची ती भरलीच.