परत बुधवार, परत खाडा
धाकट्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, त्याच्या दिव्यांग सर्टिफिकेटसाठी आईची ही चौथी फेरी, आणि पायताणाच्या वेण्या घालून घर चालवणाऱ्या बाईला एक खाडा म्हणजे काय हे त्या टेबलामागच्यांना कोण सांगणार? गर्दी, मोठमोठ्यानं नावं पुकारणं, पोरगं कानावर हात दाबून जिन्यात बसलेलं, आणि साहेब म्हणतात "ह्याला काय झालंय, चांगला धडधाकट दिसतोय की!" अहो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यातच आहे, वाचा की जरा! एक काका कुबड्या घेऊन तोच जिना चढत होते, लिफ्ट बंद. १९०२ ला शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या त्या कोल्हापुरात हे चाललंय, लई संताप होतो राव. आता म्हणे पुढच्या बुधवारी या.