‘पितळी फिटिंग गळणारच’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पाण्याच्या पाइपांना पितळी कॉम्प्रेशन फिटिंग, म्हणजे नट आवळून बसवायचा जोड, वापरा या माझ्या सल्ल्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘कॉम्प्रेशन फिटिंग आज ना उद्या गळणारच. मी टेफ्लॉन गुंडाळून चांगलं दाबून आवळलं होतं, तरी गळलं. ज्यांनी कधी पाना धरला नाही त्यांनी असले सल्ले देऊ नयेत,’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेदाला माझी कधीच ना नसते, पण ते शेवटचं वाक्य लागलं. माझे वडील नळकाम करायचे. शाळेच्या सुट्ट्यांत त्यांच्या हाताखाली पाइप कापले, पुढे स्वतः कामं घेतली. कुणाच्या हाताबद्दल इतक्या खात्रीने बोलण्याआधी निदान विचारायचं तरी!

एक गोष्ट मान्य करतो. भिंतीत किंवा फरशीखाली बुजवायच्या जागी हा जोड नको. तो डोळ्यांसमोर आणि हाताशी राहायला हवा.

आता तुमचं ते ‘टेफ्लॉन गुंडाळून दाबून आवळलं’. अहो, गळतीचं कारण तुम्ही स्वतःच लिहून दिलंय. या फिटिंगमध्ये पाणी अडवायचं काम आटे करत नाहीत. नटाच्या आतली रिंग, म्हणजे ऑलिव्ह, एका बाजूने पाइपला चावते आणि दुसऱ्या बाजूने बॉडीच्या, म्हणजे फिटिंगच्या मुख्य भागाच्या, उतरत्या तोंडात घट्ट बसते. पाणी तिथे अडतं. आट्यांचं काम फक्त ओढून धरण्याचं. त्यावर टेफ्लॉनचे कितीही वेढे घ्या, रिंग नीट बसली नसेल तर पाणी वाट काढणारच.

आणि ‘दाबून’? त्यानेच जास्त जोड बिघडतात. १५ मिमीच्या तांब्याच्या पाइपला नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवायचा, मग पान्याने साधारण एक फेरा. बॉडी दुसऱ्या पान्याने धरून ठेवायची, नाहीतर सगळं फिटिंगच फिरतं. त्यापुढे जोर लावलात की रिंग चेपते, पाइप आत दबतो, आणि मग कितीही आवळा, थेंब थांबत नाही. पाणी सोडल्यावर ओल दिसलीच तर आणखी पाव फेरा द्यावा. पाइप काटकोनात कापलेला हवा, कडेचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, काढलेला हवा, रिंग बसते तिथे ओरखडा नको. प्लास्टिकचा पाइप असेल तर आत आधाराची नळी घालावीच लागते. यातलं तुम्ही काय केलं होतंत, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही.

डाग दिलेला, म्हणजे ज्योतीने तापवून सोल्डर केलेला, जोड चांगलाच, मी कुठे नाही म्हटलं? पण पाइपात थोडं जरी पाणी उरलं तरी ते उष्णता खातं आणि डाग धरत नाही. लाकडाजवळ ज्योत नेणंही धोक्याचं. अशा ठिकाणी मी पितळी फिटिंगच घेतो आणि घेत राहीन.

पितळातलं जस्त निघून जातं म्हणालात, त्यासाठी डीझेडआर, म्हणजे जस्त सहज न सोडणारं, पितळ मिळतं. ‘जुनाट पद्धत’ वगैरेंवर बोलायची मला गरज वाटत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा पाइप कशाचा होता, कशाने कापला आणि रिंग नवी होती की जुनीच पुन्हा वापरली, एवढं लिहा. मग त्या गळतीबद्दल बोलू.