पंधरा दिवस फ्रीजमध्ये ठेवून ट्यूलिप फुलत नाही

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा : ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथचे कंद मागवा, पंधरा दिवस फ्रीजमध्ये ठेवा, घाई असेल तर दोन दिवस फ्रीझरमध्ये. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे पसरून कंद लावा, रोज सकाळी मातीवर बर्फाचे दोन खडे ठेवा, महिन्याभरात फूल. फूल गेलं की कंद काढून ठेवा, दरवर्षी फुलेल. आणि शेवटी सवाल : दिल्लीत रस्त्याकडेला फुलतात, मग मुंबईत का नाही?

यातलं कंदांना थंडी लागते एवढंच खरं. बाकीचं एकेक घेऊ.

"पंधरा दिवस फ्रीज पुरे."

ट्यूलिपला २ ते ९ अंश तापमानात १२ ते १६ आठवडे लागतात. डॅफोडिलचंही जवळपास तसंच, हायसिंथचं थोडं कमी. हे आठवडे कशासाठी लागतात ते पाहायचं असेल तर एक कंद बळी द्या. शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. पांढऱ्या मांसल पाकळ्यांच्या मधोमध, बुडाच्या चकतीवर, पिवळट रंगाची इवलीशी कळी बसलेली दिसेल. भिंग असेल तर सहा पुंकेसरही मोजता येतात. फूल आधीच तयार आहे. थंडी लागते ती ते फूल वर उचलणारा दांडा लांबवायला. थंडी अपुरी पडली की दोन रुंद पानं येतात आणि कळी त्यांच्या बेचक्यात अडकते. ती तिथेच बोटभर उंचीवर उमलते, नाहीतर कागदासारखी सुकते. मग लोक खत घालतात, पाणी वाढवतात, कुंडी उन्हात सरकवतात. त्याचा काही उपयोग नाही. चूक तीन महिने आधीच झालेली असते.

आता मुंबईचा हिशोब. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास उतरतं आणि दुपारी ३०-३१ वर चढतं. म्हणजे बाहेरची थंडी कंदाच्या कामाची नाही, आणि फुलायला बरा काळ फक्त डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. कंद १० ऑक्टोबरला फ्रीजमध्ये गेले तर १२ आठवडे जानेवारीच्या सुरुवातीला भरतात आणि तीन-चार आठवड्यांत फूल येतं. तेच कंद नोव्हेंबरच्या मध्यावर ठेवले तर बाहेर येईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, कळी मार्चच्या उन्हात सापडते आणि उमलायच्या आत करपते. म्हणून नोव्हेंबर लागला की साधे कंद घेऊ नयेत. डिसेंबरात घ्यायचेच असतील तर विक्रेत्याला विचारा : प्रीचिल्ड, म्हणजे आधीच थंडी दिलेले, आहेत का, आणि किती आठवडे? उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा.

फ्रीजमध्ये कुठे ठेवायचे यावर तो मजकूर गप्प आहे आणि निम्मे कंद तिथेच फुकट जातात. दाराचा कप्पा नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. भाजीचा खण ठीक, पण त्यात फळं नकोत. सफरचंद, केळी, चिकू, पेरू आणि नेमकं ऑक्टोबरात घरात असणारं सीताफळ, ही सगळी पिकताना इथिलीन वायू सोडतात. तो कंदातली कळी मारतो. बाहेरून कंद टणटणीत दिसतो. खोडीची शंका आली तर असाच एक कंद चिरा. मधली कळी तपकिरी असेल तर बाकीच्यांवर मेहनत घेऊ नका. फ्युसेरियम बुरशी लागलेला ट्यूलिपचा कंदसुद्धा हाच वायू सोडतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून प्रत्येक कंद बोटांनी दाबून पाहायचा. सालीवर निळसर-हिरवी बुरशी असेल तर पुसून टाका, तिने फारसं बिघडत नाही. बूड मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर तो कंद त्याच क्षणी बाहेर.

पिशवी कागदाची, भोकं पाडलेली. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कंद घामेजतात. फ्रीजमध्ये जागा असेल तर याहून चांगली पद्धत म्हणजे कंद कुंडीत लावून ती कुंडीच आत ठेवायची, कारण मुळं थंडीतच फुटतात. ६ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत ट्यूलिपचे पाच कंद, एकमेकांना न चिकटता, चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे. पहिलं मोठं पान त्याच बाजूला झुकतं. शेंडे मातीच्या जेमतेम वर. माती ओलसर हवी, चिखल नको. आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. डॅफोडिलचा कंद अगदी कांद्यासारखा दिसतो आणि विषारी असतो. घाईत कोणी फोडणीला टाकला तर उलट्या ठरलेल्या.

"घाई असेल तर फ्रीझर." नको. उणे १८ अंशांना कंदातलं पाणी गोठून पेशी फुटतात. बाहेर काढल्यावर कंद लिबलिबीत होतो आणि दोन दिवसांत वास मारतो.

"रोज बर्फाचे दोन खडे." दोन खडे म्हणजे साधारण ५० ग्रॅम बर्फ. ५ किलो ओल्या मातीत तो पूर्ण वितळला तरी मातीचं तापमान जेमतेम दीड-दोन अंश उतरतं आणि तासा-दोन तासांत पुन्हा जिथल्या तिथे येतं. कंदाला हवी आहे महिनोन् महिने चालणारी थंडी. बर्फाने मिळतं ते रोजचं जादा पाणी, तेही नेमकं शेंड्यावर. कूज तिथूनच सुरू होते.

"तळाशी विटांचे तुकडे." ही समजूत सगळ्याच कुंड्यांना चिकटलेली आहे. बारीक मातीतून पाणी जाड तुकड्यांत सहज उतरत नाही. माती पुरती ओथंबली की मगच उतरतं. तुकड्यांचा थर दिलात की तो ओथंबलेला पट्टा वर, कंदाच्या बुडाजवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) मिसळा. नुसत्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, कंद लावू नका, ते आपल्या दमट हवेत वाळतच नाही.

"दरवर्षी फुलेल." ट्यूलिपचा मूळ कंद फुलल्यावर संपतो आणि त्याच्या जागी लहान कंद तयार होतात. ते फुलण्याजोगे, म्हणजे १०-१२ सेंटिमीटर घेराचे व्हायला पानांना गारव्यात दीड-दोन महिने मिळावे लागतात. मुंबईत ती पानं मार्चमध्येच पिवळी पडतात. तेव्हा इथे ट्यूलिप हंगामी झाड समजूनच विकत घ्यायचं. मार्चमध्ये कंद कंपोस्टच्या डब्यात टाकायला जीव वर-खाली होत असेल तर घेऊच नका.

"दिल्लीत होतं." होतं, पण कसं? तिथे नेदरलँड्समधून आणलेले, आधीच थंडी दिलेले कंद डिसेंबरात लावतात आणि फेब्रुवारीत फुलवतात. शिवाय जानेवारीत दिल्लीची रात्र मुंबईपेक्षा आठ-दहा अंशांनी गार. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली खुल्या झालेल्या ट्यूलिप बागेत तर थंडी फुकट मिळते : कंद शरदात जमिनीत जातात आणि मार्च अखेरीस फुलतात. या दोन्ही ठिकाणांची तुलना बाल्कनीतल्या कुंडीशी होत नाही.

या प्रकारातलं काही लावायचंच असेल तर डॅफोडिलचा पांढऱ्या फुलांचा भाऊबंद, पेपरव्हाइट नार्सिसस आणा. त्याला थंडी लागत नाही, नोव्हेंबर-डिसेंबरात लावला की पाच-सहा आठवड्यांत फुलतो. फार उबेत दांडे लांबून आडवे होतात; काडीचा आधार द्या.

पण मुंबईत वसंतात फुलणारा कंद म्हणाल तर नर्सरीत अमेरिलिस नावाने मिळणारी मोठी लाल लिली. शास्त्रीय नाव हिप्पीअॅस्ट्रम. एका कंदाला ८ इंची कुंडी, दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवायचा. पूर्ण गाडला की मानेत पाणी साचून कुजतो. हिला गारठा नको, कोरडी विश्रांती हवी. नोव्हेंबरच्या मध्यावर पाणी तोडा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वरची बोटभर माती बदलून एकदा भरपूर पाणी द्या आणि कळीचं टोक दिसेपर्यंत हात आखडता ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं येतात.

फूल गेल्यावर दांडा कापा, पानं नाही. साधारण चार पानांमागे आत एक फुलदांडा तयार होतो, त्यामुळे पावसाळ्यातली पानं म्हणजेच पुढच्या वर्षीचं फूल. ती पानं खायला जुलै-सप्टेंबरमध्ये काळ्या-पांढऱ्या, तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या येतात आणि दोन रात्रींत झाड बोडकं करतात. संध्याकाळी पानांची खालची बाजू आणि कंदाची मान तपासा, सापडतील त्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मानेत शिरलेल्या अळ्या फवाऱ्याने सुटत नाहीत.